ब्रिगॅलो पट्ट्यातील निमसदाहरित वेलजाळी

निमसदाहरित वेलजाळी हा पूर्व ऑस्ट्रेलियातील कोरड्या वर्षावनाचा एक प्रकार आहे. ब्रिगॅलो पट्टा (उत्तर व दक्षिण) आणि नँडेवार या जैवप्रदेशांत, म्हणजेच क्वीन्सलंडच्या मध्य व दक्षिण भागांत आणि न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेकडील अंतर्भागात, हे वन लहान-मोठ्या तुकड्यांच्या स्वरूपात आढळते. बुटकी व दाट झाडे, त्यांना वेढणाऱ्या काष्ठमय वेली आणि मधूनच वर डोकावणारे फुगीर बुंध्याचे बाटलीवृक्ष ही या वनाची ओळख होय. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने २००१ मध्ये या वनसमुदायाची नोंद 'संकटग्रस्त पारिस्थितिक समुदाय' म्हणून केली. विसाव्या शतकात शेती व पशुपालनासाठी झालेली वृक्षतोड हे त्याच्या ऱ्हासाचे मुख्य कारण आहे. उरलेल्या तुकड्यांना मात्र आज तोडीइतकाच धोका परकीय गवते, तणे आणि त्यांच्यामुळे तीव्र होणारे वणवे यांच्यापासून आहे.

नाव

ऑस्ट्रेलियातील वर्षावनांचे रचनेवर आधारित वर्गीकरण लेन वेब या वनस्पतीशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडले. झाडांची जात ओळखण्याऐवजी पानांचा आकार, छत्राची उंची, पानगळ करणाऱ्या झाडांचे प्रमाण आणि वेलींचे प्राबल्य यांवरून वनाचा प्रकार ठरवावा, अशी त्याची पद्धत होती. 'निमसदाहरित वेलजाळी' ही संज्ञा याच वर्गीकरणातून रूढ झाली. 'निमसदाहरित' या शब्दाने काही झाडे कोरड्या ऋतूत पाने गाळतात आणि उरलेली वर्षभर हिरवी राहतात हे सूचित होते. 'जाळी' म्हणण्याचे कारण या वनाची कमी उंची आणि माणसाला सहज आत शिरू न देणारी दाटी हे होय.

स्थानिक शेतकरी व पशुपालक या वनाला 'सॉफ्टवुड स्क्रब' किंवा 'बॉटल ट्री स्क्रब' म्हणतात. 'स्क्रब' हा शब्द ऑस्ट्रेलियात दाट झुडपी वनासाठी सरसकट वापरला जातो. त्यामुळे जुन्या नोंदींत ही वेलजाळी आणि तिच्या शेजारी वाढणारी ब्रिगॅलोची वने यांचा उल्लेख पुष्कळदा एकत्रच आढळतो. ब्रिगॅलो ही बाभळीच्या गटातील एक जात (अकेशिया हार्पोफिला) असून तिच्यावरूनच या पट्ट्याला नाव मिळाले आहे.

विस्तार, हवामान आणि जमीन

या समुदायाचा विस्तार उत्तरेस टाउन्सव्हिलच्या परिसरापासून दक्षिणेस न्यू साउथ वेल्सच्या वायव्य उतारांपर्यंत आहे. बहुतेक ठिकाणी वर्षाला साधारण ५०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील मोठा वाटा उन्हाळी महिन्यांत, म्हणजे दक्षिण गोलार्धातील नोव्हेंबर ते मार्च या काळात येतो. 'वर्षावन' या शब्दाशी सामान्यतः जोडला जाणारा पाऊस याच्या कित्येक पट असतो. तरीही या वनाची गणना वर्षावनांत होते, कारण त्याचे छत्र बंदिस्त असते, त्यात निलगिरी वर्गातील झाडांचे प्राबल्य नसते आणि त्यातील बहुतेक वनस्पती वर्षावनांच्या कुळांतील आहेत.

इतक्या कमी पावसात असे वन टिकण्यामागे जमिनीचा वाटा मोठा आहे. बेसाल्टपासून बनलेली सुपीक माती, बारीक कणांच्या गाळखडकांवरील चिकणमाती, नदीकाठचा गाळ आणि वणवा सहसा न पोहोचणारे खडकाळ उतार अशा ठिकाणी वेलजाळी आढळते. क्वीन्सलंडमध्ये प्रत्येक प्रादेशिक परिसंस्थेला तीन अंकांचा सांकेतांक दिला जातो. पहिला अंक जैवप्रदेश, दुसरा भूस्तराचा प्रकार आणि तिसरा वनस्पतीसमूह दर्शवतो. ब्रिगॅलो पट्ट्याचा क्रमांक ११ आहे. त्यानुसार बेसाल्टी टेकड्यांवरील वेलजाळीला ११.८.३, तर गाळखडकांवरील वेलजाळीला ११.९.४ हा सांकेतांक आहे. संरक्षित समुदायात अशा अनेक परिसंस्थांचा समावेश होतो. सपाट व सुपीक जमिनीवरील प्रकार सर्वाधिक तोडले गेले आणि नांगर न चालणाऱ्या टेकड्यांवरील प्रकार तुलनेने वाचले, असे या विभागणीवरून दिसून येते.

रचना आणि वनस्पती

वेलजाळीचे छत्र साधारण ४ ते ९ मीटर उंचीवर असते. त्याच्या वर ९ ते १८ मीटरपर्यंत वाढणारे विरळ उत्तुंग वृक्ष असतात. बाटलीवृक्ष, ब्रिगॅलो, बेलाह (कॅसुरिना क्रिस्टाटा) आणि क्रोज ॲश (फ्लिंडर्सिया ऑस्ट्रॅलिस) हे त्यांतील प्रमुख होत. बहुतेक झाडांची पाने लहान, जाड व चिवट असतात. छत्राखाली सावली दाट असल्याने गवत फारच थोडे उगवते आणि जमीन पालापाचोळ्याने झाकलेली राहते. संवर्धनाच्या दृष्टीने ही बाब कळीची आहे.

अरुंद पानांचा बाटलीवृक्ष (ब्रॅकिकिटॉन रुपेस्ट्रिस) हा या वनाचा सर्वपरिचित वृक्ष आहे. गोरखचिंचेच्याच मॅल्व्हेसी कुळातील हा वृक्ष आपल्या फुगीर बुंध्यात पाणी साठवतो. टॉमस मिचेल याच्या १८४६ च्या शोधमोहिमेत तो युरोपीयांच्या नजरेस आला आणि १८४८ मध्ये जॉन लिंडली याने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. बोनवुड (मॅक्रोटेरँथेस लाइखहार्टी) हे कठीण लाकडाचे लहान झाड काही भागांत छत्राचा मोठा वाटा उचलते. त्याचे जातिनाम १८४४-४५ मध्ये या प्रदेशातून प्रवास केलेल्या लुडविग लाइखहार्ट या संशोधकाच्या स्मरणार्थ आहे. उलाइन (कॅडेलिया पेंटास्टायलिस) हा आपल्या प्रजातीतील एकमेव जात असलेला वृक्ष केंद्रीय यादीत 'असुरक्षित' म्हणून नोंदलेला आहे. क्वीन्सलंडमध्ये मॉर्व्हनजवळील ट्रेगोल राष्ट्रीय उद्यान उलाइनच्या वनासाठी ओळखले जाते.

या वनातील कित्येक प्रजाती भारतीय वाचकाला अपरिचित नाहीत. जाळीच्या कडेला वाढणारे काटेरी करंट बुश (कॅरिसा ओव्हाटा) हे करवंदाच्या प्रजातीतील झुडूप आहे. बिटरबार्क (अल्स्टोनिया कॉन्स्ट्रिक्टा) हे सातवीणीच्या, पीच बुश (एहरेशिया मेम्ब्रॅनिफोलिया) हे आळंदीच्या अजानवृक्षाच्या, तर कॅपॅरिसच्या अनेक जाती वाघाटीच्या प्रजातीतील आहेत. वेलींमध्ये जाई-जुईच्या प्रजातीतील जॅस्मिनमच्या जाती आणि वोंगा वेल (पँडोरिया पँडोराना) प्रामुख्याने आढळतात. दक्षिणेकडे पाऊस कमी व थंडी अधिक होत जाते तशी जातींची संख्या घटते. न्यू साउथ वेल्समधील जाळ्यांत विल्गा (गायजेरा पार्व्हिफ्लोरा) आणि रानऑलिव्ह (नोटेलिया मायक्रोकार्पा) यांसारखी कोरडेपणा सोसणारी झाडे अधिक दिसतात.

उगम

कोट्यवधी वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाचे हवामान आजच्यापेक्षा बरेच दमट होते आणि वर्षावने खंडाच्या अंतर्भागापर्यंत पसरलेली होती. पुढे खंड उत्तरेकडे सरकत गेला, हवामान कोरडे होत गेले, वणवे वाढले आणि निलगिरी व बाभळीच्या वनांनी बहुतेक प्रदेश व्यापला. वर्षावनातील ज्या वंशांनी कोरडेपणाशी जुळवून घेतले ते सुपीक माती व खडकाळ आश्रयस्थाने यांच्या आधाराने टिकून राहिले. आजची वेलजाळी ही अशा वंशांचा साठा आहे. किनाऱ्यालगतच्या दमट वर्षावनांची खुरटलेली आवृत्ती, असे तिचे वर्णन करणे पुरेसे ठरत नाही, कारण उलाइन व बोनवुड यांसारख्या तिच्या अनेक वनस्पती दमट वर्षावनांत आढळत नाहीत.

प्राणिजीवन

काळ्या छातीचा बटनक्वेल (टर्निक्स मेलानोगास्टर) हा लाव्यासारखा दिसणारा, पण लाव्यांच्या कुळातील नसलेला पक्षी विस्ताराच्या पूर्वेकडील वेलजाळ्यांत राहतो. तो पायाने पालापाचोळा उकरत स्वतःभोवती फिरतो आणि त्यामुळे जमिनीवर बशीच्या आकाराचे गोल खळगे उरतात. पक्षी दिसला नाही तरी या खळग्यांवरून अभ्यासक त्याचे अस्तित्व ओळखतात. या जातीत मादी नरापेक्षा मोठी असते आणि अंडी उबवण्याचे काम नर करतो. केंद्रीय यादीत हा पक्षी 'असुरक्षित' आहे. पालापाचोळ्याचा जाड थर नाहीसा झाला की त्याचे अन्न व आसरा दोन्ही संपतात.

लगामी नेलटेल वॉलबी (ऑनिकोगेलिया फ्रेनाटा) ही लहान कांगारूसदृश जात नामशेष झाल्याचे मानले जात होते. १९७३ मध्ये ती मध्य क्वीन्सलंडमधील डिंगो या गावाजवळ पुन्हा आढळली आणि तो परिसर पुढे टाँटन राष्ट्रीय उद्यान म्हणून राखीव झाला. हा प्राणी दिवसा दाट झुडपांत लपतो आणि रात्री कडेच्या गवताळ भागात चरतो. जमिनीवरील गोगलगाईंच्या बाबतीतही वेलजाळ्या समृद्ध आहेत. कमी अंतरच हालचाल करू शकणाऱ्या या जीवांच्या काही जातींचे क्षेत्र अतिशय मर्यादित असते, त्यामुळे एखादा तुकडा नष्ट झाल्यास त्यातील गोगलगाईंना दुसऱ्या तुकड्यात जाणे शक्य होत नाही.

मानवी वापर आणि ऱ्हास

युरोपीय वसाहतीपूर्वी या प्रदेशातील आदिवासी समाज वेलजाळीचा अनेक प्रकारे उपयोग करीत. बाटलीवृक्षाच्या बिया व कोवळी मुळे खाल्ली जात आणि बुंध्यापासून पाणी व तंतू मिळवले जात. सभोवतालच्या मोकळ्या वनांत व गवताळ भागांत ते नियंत्रित आग लावीत. वेलजाळीत गवत नसल्याने अशी आग सामान्यतः तिच्या कडेलाच विझत असे.

एकोणिसाव्या शतकात आलेल्या पशुपालकांना ही दाट वने अडथळा वाटत. विसाव्या शतकाच्या आरंभी निवडुंगाच्या आक्रमणाने मोठे क्षेत्र निरुपयोगी ठरले होते. कॅक्टोब्लास्टिस या पतंगाच्या साहाय्याने १९२० व १९३० च्या दशकांत निवडुंग आटोक्यात आल्यावर जमीन पुन्हा वसाहतीस खुली झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर बुलडोझर उपलब्ध झाले आणि दोन ट्रॅक्टरांमध्ये जड साखळी ओढून वन आडवे करण्याची पद्धत रूढ झाली. १९६२ मध्ये क्वीन्सलंडमध्ये ब्रिगॅलो जमीन विकास योजना सुरू झाली. फिट्झरॉय नदीच्या खोऱ्यातील सुमारे ४५ लाख हेक्टर क्षेत्र शेती व चराईखाली आणणे हे तिचे उद्दिष्ट होते. या काळात ब्रिगॅलोची वने मूळ क्षेत्राच्या सुमारे एक दशांशावर आली आणि त्याच सुपीक जमिनीवरील वेलजाळीही त्यांच्याबरोबर तोडली गेली.

बाटलीवृक्ष मात्र पुष्कळ ठिकाणी जाणीवपूर्वक राखले गेले. दुष्काळात त्यांचा पाला व गर जनावरांना चारा म्हणून उपयोगी पडतो आणि त्यांची सावलीही मिळते. रोमा या गावात पहिल्या महायुद्धातील मृत सैनिकांच्या स्मरणार्थ बाटलीवृक्षांची रांग लावलेली आहे. त्यामुळे आज या प्रदेशात शेतातील एकटे बाटलीवृक्ष सर्रास दिसतात. ते पूर्वीच्या वेलजाळीची खूण असले तरी त्यांच्याखाली गवत असते. वेली, झुडपे, पालापाचोळा आणि त्यांवर जगणारे प्राणी तेथे उरलेले नाहीत. एखाद्या वृक्षाचे जतन आणि वनसमुदायाचे जतन या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

गवत, तणे आणि वणवा

अखंड वेलजाळी वणव्यापासून स्वतःचे रक्षण करते. बंद छत्रामुळे गवत उगवत नाही, पालापाचोळा लवकर कुजतो, आतील हवा काहीशी दमट राहते आणि बाहेरून आलेली आग कडेला मंदावते. तिच्या अनेक झाडांना बुंध्यातून किंवा मुळांपासून पुन्हा फुटवे येतात, त्यामुळे एखादी सौम्य आग ती सोसू शकते. वारंवार येणाऱ्या तीव्र आगीला मात्र ती टिकत नाही.

हा समतोल बिघडवण्यात बफेल गवताचा (सेंक्रस सिलिएरिस) वाटा सर्वांत मोठा आहे. आफ्रिका व आशियात मूळ असलेले हे गवत महाराष्ट्रात अंजन गवत म्हणून परिचित असून कोरड्या भागातील उत्तम चारा मानले जाते. क्वीन्सलंडमध्येही ते तोडलेल्या जमिनीवर हेतुपुरस्सर पेरले गेले आणि तेथील मांस उत्पादनाचा ते मोठा आधार आहे. परंतु हे गवत स्थानिक गवतांपेक्षा दाट वाढते, वाळल्यावर भरपूर इंधन पुरवते आणि जळल्यावर लवकर फुटते. वेलजाळीच्या कडेला लागलेली अशी आग बाहेरची झाडे मारते, छत्र उघडते, उघड्या जागेत गवत शिरते आणि पुढची आग आणखी आतपर्यंत पोहोचते. गिनी गवताच्या गटातील ग्रीन पॅनिक हे सावली सोसणारे गवत तर छत्राखालीही काही अंतर शिरते. मोठ्या वनात ही प्रक्रिया कडेपुरती राहू शकते. काही हेक्टरांच्या लांबट तुकड्यात मात्र जवळजवळ सगळे वनच कडेचे असते.

घाणेरी (लँटाना कॅमारा) हे दुसरे गंभीर तण आहे. फोर्टी माइल स्क्रब राष्ट्रीय उद्यान उत्तर क्वीन्सलंडमध्ये, या संरक्षित समुदायाच्या सीमेबाहेर असले तरी तेथील वेलजाळी याच प्रकारची आहे. छत्र विरळ झालेल्या जागी तेथे घाणेरी दाट माजली आणि तिच्या इंधनामुळे पूर्वी न पेटणाऱ्या वनात आग शिरू लागली. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा असूनही हे घडले. याशिवाय मादागास्करहून आलेली रबरवेल, पानफुटीच्या गटातील 'मदर ऑफ मिलियन्स' हे रसाळ तण, झाडांवर चढून छत्र दाबणारी कॅट्स क्लॉ वेल आणि निवडुंगाच्या काही जाती निरनिराळ्या भागांत उपद्रवी ठरल्या आहेत. रानटी डुकरे जमीन उकरतात आणि गुरांच्या वावरामुळे रोपे तुडवली जाऊन गवताचे बी आत पोहोचते. खाणकाम, वायुउत्खनन आणि रस्तारुंदीकरण यांमुळेही काही तुकड्यांचे नुकसान होते.

कायदेशीर संरक्षण

केंद्रीय पातळीवर हा समुदाय पर्यावरण संरक्षण व जैवविविधता संवर्धन अधिनियम, १९९९ खाली संरक्षित आहे. त्यानुसार समुदायावर लक्षणीय परिणाम करणाऱ्या कोणत्याही प्रकल्पास केंद्र सरकारची मान्यता आवश्यक असते. २०१० मध्ये त्यासाठी राष्ट्रीय पुनरुज्जीवन आराखडा तयार करण्यात आला. न्यू साउथ वेल्समध्येही राज्याच्या कायद्यानुसार हा समुदाय संकटग्रस्त आहे.

क्वीन्सलंडमध्ये वनस्पती व्यवस्थापन अधिनियम, १९९९ लागू आहे. २००४ मधील दुरुस्तीनुसार शिल्लक मूळ वनांची मोठ्या प्रमाणावरील तोड २००६ च्या अखेरीस थांबवण्यात आली. २०१३ मध्ये निर्बंध सैल करण्यात आले आणि २०१८ मध्ये ते पुन्हा कडक झाले. जमीनधारकांचे हक्क आणि वनसंरक्षण यांतील हा वाद राज्याच्या राजकारणात सातत्याने चर्चेत राहिला आहे.

या कायद्यांचा भर मुख्यतः माणसाने केलेल्या तोडीवर आहे. गवत पसरणे, तण माजणे आणि कड हळूहळू जळत जाणे हे कोणत्याही एका कृतीचे फलित नसल्याने त्यासाठी परवानगीचा प्रश्न उद्भवत नाही. त्यामुळे कायद्याने पूर्णपणे संरक्षित असलेला तुकडाही काही दशकांत नाहीसा होऊ शकतो.

संवर्धनाचे उपाय

एक्स्पिडिशन, इस्ला गॉर्ज आणि पामग्रोव्ह यांसारख्या राष्ट्रीय उद्यानांत वेलजाळीचे काही भाग राखीव आहेत. तथापि अनेक तुकडे खासगी किंवा भाडेपट्ट्याच्या जमिनीवर, रस्त्यांच्या कडेला आणि गुरांच्या जुन्या वाहतूक मार्गांवर आहेत. म्हणून जमीनधारकांचा सहभाग अपरिहार्य ठरतो. क्वीन्सलंडमध्ये जमीनधारक स्वेच्छेने आपल्या जमिनीचा भाग 'निसर्ग आश्रयस्थान' म्हणून घोषित करू शकतात. हा करार पुढील मालकांवरही बंधनकारक असतो.

वणवा व्यवस्थापनात वेलजाळी न जाळणे हे मूळ तत्त्व आहे. सभोवतालच्या वनात आग लावायची असल्यास ती जमिनीत ओल असताना, सौम्य हवामानात आणि जाळीच्या कडेपासून बाहेरच्या दिशेने जाईल अशी लावली जाते. कडेबाहेर जाळरेषा राखल्या जातात, परंतु त्या जाळीतून काढल्यास नव्या उघड्या कडा निर्माण होतात, म्हणून त्यांची जागा काळजीपूर्वक ठरवावी लागते.

चराईच्या बाबतीत निर्णय सोपा नसतो. कुंपण घालून गुरे पूर्णपणे बंद केल्यास रोपे वाचतात, मात्र कडेचे बफेल गवत माजून आगीचा धोका वाढू शकतो. म्हणून काही ठिकाणी कडेबाहेरील गवत कोरड्या ऋतूपूर्वी चारून कमी केले जाते आणि जाळीच्या आत गुरांना मज्जाव केला जातो. गुरांसाठीचे पाणवठे व मिठाचे खडे जाळीपासून दूर ठेवल्यास त्यांचा वावर आपोआप कमी होतो.

तणनियंत्रणाचा क्रम महत्त्वाचा आहे. घाणेरी एकाच वेळी मोठ्या क्षेत्रातून उपटल्यास उघड्या जागेत गवत शिरते, म्हणून सुस्थितीतील गाभ्यापासून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने थोडे-थोडे क्षेत्र साफ केले जाते आणि छत्र पुन्हा जुळेपर्यंत पाठपुरावा केला जातो.

पुनरुज्जीवनाच्या दृष्टीने एक बाब आशादायक आहे. तोडल्यानंतर वारंवार नांगरल्या न गेलेल्या जमिनीत अनेक झाडांची मुळे जिवंत राहतात आणि त्यांना फुटवे येतात. अशी पुनर्वाढ दुसऱ्यांदा न तोडता राखल्यास ती जुन्या तुकड्याची कड झाकते आणि जवळचे तुकडे एकमेकांशी जोडते. फळे खाणारे पक्षी त्यांत नव्या जातींच्या बिया आणून टाकतात. पालापाचोळ्याचा थर आणि त्यातील गोगलगाई परत येण्यास मात्र दीर्घ काळ लागतो. त्यामुळे नवी लागवड करण्यापूर्वी उरलेल्या तुकड्यांच्या कडा शाबूत ठेवण्यास संवर्धनात अग्रक्रम दिला जातो.